उडत्या माणसाची चौकशी

ज्या समाजात माणूस उडू शकत नाही याबद्दल कुणालाही शंका नाही, पण तो उडताना मुलांनी पाहावा की नाही याबद्दल मात्र प्रत्येकाकडे ठाम मत आहे, त्या समाजाला मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. ही गोष्ट मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार कुठे करावी, हेही मला आता नीट कळले आहे, आणि त्याचा वृत्तांत पुढे येईलच.

ऐंशी सालच्या श्रावणात सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये एक इंग्रजी चित्रपट लागला. त्याचा नायक तारखात्यातला एक किरकोळ कारकून. वादळात त्याला विजेचा धक्का बसतो आणि धक्क्याने माणसे ज्या दिशेने जातात असे आपण मानतो, त्या दिशेने हा गृहस्थ सदेह जातो. म्हणजे उडू लागतो. पुढे तो निळे घट्ट कपडे आणि पाठीवर नारिंगी वस्त्र धारण करून दुर्जनांचा बंदोबस्त करत हिंडतो. तारखात्याने त्याला इतकी रजा कशी मंजूर केली, याचा खुलासा चित्रपटात कुठेही नाही.

माझी नात गोपिका तेव्हा पहिलीत होती. तिचे आईवडील नोकरीनिमित्त चांद्याला, म्हणून ती आमच्याकडे. एका दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत असताना ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"आबा, मले तो उडता माणूस पाहाचा आहे."

"का?"

"त्याची झूल पाहाची आहे."

इथे थोडे थांबणे भाग आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो; मुले लाकडी बैल सजवून गल्लीतून मिरवतात. आमच्या घरात लाकडी बैल आला तोसुद्धा रीतसर चौकशीनंतरच. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून प्रत्येक सणाला माझ्या उंबऱ्यावर थांबून आपले म्हणणे मांडावे लागते. बैलाबाबत मी निर्णय दिला होता, की तो एक कष्टकरी प्राणी असून त्याला सजवण्यास हरकत नाही, ओवाळण्यास आहे. गोपिकेने निर्णय मान्य केला आणि बैलाचे नाव 'प्राचार्य' ठेवले. का, ते मी विचारले नाही.

तर त्या प्राचार्यांना तिला यंदा उडत्या माणसासारखी झूल घालायची होती. नारिंगी कापड कांताने, म्हणजे माझ्या पत्नीने, जुन्या साडीतून काढून दिले होते. अडचण एकच होती. शाळेच्या रस्त्यावर जे पोस्टर होते, त्यावर डिंकाची घडी नेमकी नायकाच्या मानेपाशी पडली होती. त्यामुळे ते वस्त्र गळ्याला बांधलेले आहे की खांद्यांना, हे कळायला मार्ग नव्हता.

"गळ्याले बांधते का खांद्याले, तेवढंच पाहाचं आहे," ती म्हणाली. "मग आपण घरी येऊ."

कांता आतून म्हणाली, "घेऊन जा नं. मध्यंतरात शेंगदाणे द्या अन् आणा घरी. एवढा काय विचार करून राहिले?"

पण विचार करणे हाच ज्याचा चरितार्थ, त्याला ही सूचना उथळ वाटली. बालमन कोवळे असते असे मी अनेक ग्रंथांत वाचले होते, आणि ते ग्रंथ लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मूल असल्याचा पुरावा नसला, तरी विषय गंभीर होता. शिवाय जी परंपरा मला जन्माने मिळाली नाही, मी निवडली, तिच्या न्यायशास्त्रात प्रमाणे दोनच: प्रत्यक्ष आणि अनुमान. कुणी थोराने सांगितले म्हणून खरे मानायचे, ही सोय आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानंतर बंद केली आहे. चित्रपटाला 'सर्वांसाठी' असा सरकारी दाखला होता, हे खरे. पण 'सर्व' हा शब्द किती बेजबाबदारपणे वापरला जातो, यावर माझा एक निबंध आहे. तो कुणी वाचलेला नाही.

मी संबंधित कचेरीत गेलो. कचेरीचे नाव सांगत नाही. सांगितल्यास ती आणखी एखाद्या मजल्यावर हलवतील.

"हा चित्रपट सहा वर्षांच्या मुलीने पाहण्याजोगा आहे काय?" मी विचारले.

टेबलामागच्या गृहस्थाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुमची टॉकीज कोणती जी?"

"माझी टॉकीज नाही. मी प्राध्यापक आहे."

"मग पोरगी टॉकीजची आहे का?"

"पोरगी माझी नात आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. प्रश्न आहे."

"प्रश्नाचं टेबल नाही इथं, साहेब. तक्रारीचं आहे. तुम्ही तक्रार द्या, मग चौकशी होते. चौकशीत प्रश्न येते."

"पण मी अजून चित्रपट पाहिलेला नाही. तक्रार कशाच्या आधारावर करू?"

"बाकी लोक तसेच करते जी," तो सौजन्याने म्हणाला. मी परत आलो.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर ही हकीकत सांगण्याची चूक माझ्याकडून झाली. आमच्या गल्लीत कुणाला औषध सांगितले तर ते घेतले जात नाही, पण अडचण सांगितली तर ती प्रत्येक जण घेऊन जातो. शेजारचे रुपरावजी कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन. बसने येतात आणि कॉलरवर तिथली राख घेऊन येतात. ते गंभीर झाले.

"सर, शॉक लागून माणूस उडत नाही. मी पाह्यले आहे. चिकटते. उद्या तुमची पोरगी प्लगात बोट घालन अन् म्हणन, आता मी उडतो. तेव्हा काय कराल?"

हे अनुमान होते, आणि सदोष असले तरी अनुमानाचा मी आदर करतो. बायजाबाईंचे तसे नव्हते. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. इंजेक्शन देताना वापरत त्याच आवाजात मते देत.

"त्यात मुका आहे म्हणते."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणते."

"तुम्ही पाहिलात?"

"मी कायले पाहू असलं?"

तिसरे नत्थूजी. कोपऱ्यावर त्यांचा पानठेला, आणि गल्लीच्या बडग्या मंडळाचे ते अध्यक्ष. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी शहरातून मारबतीची मिरवणूक निघते. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या दोन राक्षसिणींच्या पुतळ्यांच्या, मागे गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे. वर्षभरात ज्याचा ज्याचा जाच झाला, त्याचा पुतळा करायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत फिरवायचा आणि गावाबाहेर जाळायचा. पुतळा जाळून पीडा जात नाही, हे मी दर वर्षी आमच्या वाचनालयात व्याख्यान देऊन सिद्ध करतो. नत्थूजी दर वर्षी पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकतात, आभार मानतात, आणि जाताना विचारतात, "मग औंदा कशाचा बनवू, सर?"

"आपण सारेच जाऊन पाहू," नत्थूजी म्हणाले. "कमिटी म्हणून."

त्यांना चित्रपट पाहायचा होता. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. पण 'समिती' हा शब्द शिकलेल्या माणसाच्या कानाला फार गोड लागतो.

निघताना गोपिका फाटकाशी उभी होती.

"मी येऊ?"

"तुला न्यावे की नाही, हेच पाहायला आम्ही जात आहोत."

"मग मले नेलं तं लवकर कळन नं."

हा युक्तिवाद त्या वेळी मला बालिश वाटला. पुढे मी तो अनेकदा तपासला. त्यात दोष सापडत नाही.

पहिल्या खेपेची कथा अशी. शहरात त्या चित्रपटाची प्रत एकच आली होती आणि ती दोन टॉकीजांत चालत होती. इकडे एक रीळ दाखवून झाले की डबा सायकलवर घालून तिकडे न्यायचा, तिकडचा इकडे आणायचा. त्या दिवशी सायकलवाला रेल्वेच्या फाटकात अडकला. बराच वेळ पडद्यावर दंतमंजनाच्या पाट्या दाखवून झाल्यावर व्यवस्थापकाने, प्रेक्षकांनी खुर्च्या मोडण्याच्या बेतात असताना, न आलेले रीळ सोडून पुढचे लावले. त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर नायकासमोर उभी असलेली नायिका एकदम सकाळी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली दिसली.

"मंधात काय झालं?" बायजाबाईंनी विचारले.

"मधले रीळ आले नाही," मी म्हणालो.

"म्हणजे झालंच काहीतरी."

अभावावरून भाव सिद्ध करण्याची ही पद्धत कोणत्याही ग्रंथात नाही, पण गल्लीत ती निर्णायक ठरली. समितीचे कामकाज अपुरे राहिल्याचे ठरवून आम्ही दुसऱ्यांदा गेलो.

दुसऱ्या खेपेला रीळ आले. गच्चीचा प्रसंग आला. नायक नायिकेच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊ लागला. बायजाबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला, पण तो साडीचा विरळ भाग होता हे मी नमूद करतो. आणि त्याच क्षणी वीज गेली. अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या. मी शांत होतो. पण बायजाबाईंचा आवाज दवाखान्याच्या दोन वॉर्डांना पुरणारा.

"रुपराव! हे तुमच्याच कोराडीचं काम हाय!"

सारे टॉकीज वळले. अंधारात माणसे वळल्याचे दिसत नाही, पण जाणवते.

"कोण आहे बे कोराडीवाला?" मागून कुणीतरी गरजला.

"मी आज सुट्टीवर आहे वं बाई!" रुपरावजी कळवळून म्हणाले.

"तरीच गेली," बायजाबाई म्हणाल्या.

शेंगांची टरफले आमच्या दिशेने येऊ लागली. रुपरावजी उठले, ताठ मानेने, पायऱ्या चुकत बाहेर गेले आणि त्यांनी समितीचा राजीनामा दिला. वीज आली तेव्हा ते रीळ सायकलवरून दुसऱ्या टॉकीजकडे गेले होते आणि पडद्यावर नायिका पुन्हा चहा पीत होती. "मुका अंधारात झाला," असे बायजाबाईंनी इतिवृत्तात नोंदवायला सांगितले. इतिवृत्त कुणी लिहीत नव्हते.

एव्हाना घरी गोपिका रोज एकच प्रश्न विचारत होती, की पाहून झाला का. मी सांगत होतो, की चालू आहे. तिने प्राचार्यांच्या शिंगांना बेगड लावले, गळ्यात मणी ओवले. झूल तेवढी घडी करून ठेवली होती. ती कुठे बांधायची ते कळल्याशिवाय ती शिवणार नव्हती. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचा नाही, ही शिस्त या घरात तिने कुणाकडून उचलली असावी, हे सांगायला नको.

तिसऱ्या खेपेला मी एकटा गेलो. दुपारचा खेळ, छत्री, बाल्कनीतला कोपरा. त्या दिवशी फाटक उघडे होते, वीज होती, सगळी रिळे क्रमाने आली. मी चित्रपट पूर्ण पाहिला, आणि जे पाहिले ते इथे प्रथमच सांगतो आहे.

त्यात मुका नाही. गच्चीवर नायिकेच्या डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असतो. तो कारकून फुंकर घालून काढतो, आणि मग दोघेही संकोचून दुसरीकडे पाहतात. त्यात कुणी मरत नाही. दुर्जनांना तो तारेच्या खांबांना उलटे टांगतो आणि पोलीस येईपर्यंत त्यांना प्यायला पाणी देतो. आणि एक प्रसंग असा आहे: धक्का बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कचेरीत खुर्चीवरून उठतो, तो उठतच राहतो. हळूहळू, ओशाळल्यासारखा, जणू साहेबांनी पाहू नये. खिडकीतून बाहेर जातो. खाली त्याच्या कचेरीचे छप्पर दिसते, ज्याखाली त्याचे आयुष्य गेले. आणि ते इतके लहान असते, की तो हसू लागतो.

मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. माझे पाय जमिनीवर नव्हते. ते मी केव्हा उचलून घेतले, मला सांगता येणार नाही.

झूल मी नीट पाहिली. ती खांद्यांना असते. दोन पितळी बकले, दोन्ही खांद्यांवर एकेक. गळ्याला गाठ नाही. उद्याच गोपिकेला आणायचे, असे ठरवून मी उठलो. दिवे लागले.

"सर! तुम्ही?"

माझ्या मागच्या रांगेत माझा विद्यार्थी गिरिधर आणि त्याच्यासोबत अर्धा वर्ग. माझ्याच तासाला बुट्टी मारून आलेला तो वर्ग. आणि तो तास मी रद्द केलेला होता, म्हणून मला त्यांना तसे म्हणताही येईना.

"मी एका चौकशीच्या संदर्भात आलो आहे," मी म्हणालो.

"हो सर," गिरिधर नम्रपणे म्हणाला. "तुम्ही टाळ्या वाजवून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक चित्र होते. चष्मा लावलेला एक गृहस्थ, हातात उघडी छत्री, पाठीवर झूल, महाविद्यालयाच्या इमारतीवरून उडतो आहे. खाली सुवाच्य अक्षरात: प्रत्यक्ष प्रमाण. चित्र चांगले होते. हेच असह्य होते. ज्या विद्यार्थ्यांना वर्षभर दोन प्रमाणे सांगता आली नाहीत, त्यांच्यापैकी एकाला त्यातले एक अचूक कळले होते, आणि ते माझ्याच विरोधात वापरण्याइतके.

मी फळा पुसला. शिपायाला बोलावता आले असते. पण मी स्वतः पुसला, आणि वर्ग शांतपणे पाहत राहिला. त्या शांततेला आमच्या शिक्षणपद्धतीत शिस्त म्हणतात.

संध्याकाळी ओट्यावर बातमी माझ्या आधी पोचली होती. नत्थूजींच्या ठेल्यावर विद्यार्थीच पान खातात.

"सर," नत्थूजी चुना लावत म्हणाले, "टाळ्या वाजवल्या म्हणते तुम्ही."

"अरे बापा! एकटेच गेले होते?" बायजाबाई. "आम्हाले सांगतलं पण नाही! मग पाह्यला का तो मुका?"

रुपरावजी, ज्यांच्या अंगावर टरफले पडली होती, ते फक्त हसले. मला वाटते त्या हसण्यानेच झाले.

राग दोन प्रकारचा असतो. एक गरम, तो बरळतो आणि निवतो. दुसरा थंड, त्याला व्याकरणशुद्ध वाक्ये सुचतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की हा चित्रपट मी पूर्ण पाहिला असून तो बालमनाला सर्वथा घातक आहे. त्याने मुलांच्या मनात कार्यकारणभावाविषयी विपरीत कल्पना रुजतात, श्रमाविषयी तुच्छता उत्पन्न होते आणि सरकारी नोकरीचा अवमान होतो. मी बराच वेळ बोललो. कुणी मध्ये बोलले नाही, म्हणून आणखी बोललो. आणि शेवटी, समारोपाला काहीतरी ठसठशीत हवे म्हणून, म्हणालो, "ही पीडा आहे, नत्थूजी. निव्वळ पीडा. तुमच्या मारबतीला काही न्यायचेच असेल, तर हिला न्या!"

नत्थूजींचे डोळे पाणावले होते. इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनंतर सरांनी आपल्या मारबतीला काम दिले, हे त्यांना पेलवत नव्हते.

"झालं समजा, सर," ते म्हणाले.

गोपिका खालच्या पायरीवर प्राचार्यांना मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझे भाषण पूर्ण ऐकले होते. त्यातले किती कळले, ठाऊक नाही. पण आपल्याला नेणार नाहीत, एवढे कळले असावे, कारण तिने तो प्रश्नच विचारला नाही. दुसरा विचारला.

"आबा, झूल गळ्याले होती का खांद्याले?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बालमनाला सर्वथा घातक अशा चित्रपटातली बकले मोजून आलेला माणूस मला त्या क्षणी व्हायचे नव्हते.

"माझे तिकडे लक्ष नव्हते," मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि कांताकडून सुई मागून घेतली.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी चित्रपट उतरला. गोपिकेने झूल प्राचार्यांच्या गळ्याला बांधली होती. "मी अंदाजानं बांधली," ती कांताला म्हणाली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे इतवारीच्या नाक्यावर उभे होतो. मी येणार नव्हतो. पण गल्लीचा बडग्या माझ्या सूचनेवरून झाला असल्याने नत्थूजींनी दोन माणसे पाठवून मला सन्मानाने आणले. गोपिका रुपरावजींच्या खांद्यावर बसली होती. बैल तिच्या काखेत होता.

ढोल आले, गुलाल आला, आणि मग गर्दीच्या डोक्यांवरून तो आला. नत्थूजींनी जीव ओतला होता. बाकी बडगे उभे असतात; हा आडवा होता, दोन लांब बांबूंवर तोललेला, हात पुढे केलेले, निळे कागदी अंग, पाठीवर खरे नारिंगी कापड. पोरे बांबू खांद्यावर घेऊन धावत होती, त्यामुळे ते कापड वाऱ्यावर फडफडत होते. पोटाखाली पाटी होती: 'बालमनाले घातक उडता माणूस घेऊन जा गे मारबत'. आणि तिच्याखाली, लहान अक्षरात, मार्गदर्शक म्हणून माझे नाव, पदवीसकट. रस्त्यापलीकडे माझे एक सहकारी उभे होते. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि टोपी काढली.

पण गोपिकेने पाटी वाचली नव्हती. ती रुपरावजींच्या खांद्यावर उभीच राहू पाहत होती.

"आबा! उडून राहिला! पाहा नं, आबा, उडून राहिला!"

तो खरोखरच उडत होता. तिच्या उंचीवरून बांबू धरणारी पोरे दिसत नव्हती. फक्त तो दिसत होता, इतवारीच्या गर्दीवरून, गुलालातून, हात पुढे करून जाणारा.

"गळ्याले आहे!" ती ओरडली. "आबा, गळ्याले आहे! मी बरोबर बांधली!"

बांबूच्या खांद्याला कापड टिकेना, म्हणून नत्थूजींनी ते तारेने मानेला बांधले होते. तिने प्राचार्यांना दोन्ही हातांनी उंच धरले, म्हणजे त्यांची झूलही फडफडावी. मिरवणुकीतली काही पोरे ते पाहून हसली आणि तिला हात करून गेली.

तिथूनच घरी नेले असते तर बरे झाले असते. पण ती म्हणाली, तो कुठे उतरते ते पाहू. आणि रुपरावजी, ज्यांना कुठल्याही मुलाला नाही म्हणता येत नाही, तिला घेऊन मिरवणुकीमागे निघाले. मागे मी, कांता. वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानात बडगे एकावर एक ठेवले होते. महागाईचा एक, रॉकेलच्या टंचाईचा एक, कुणातरी पुढाऱ्याचा एक, आणि सर्वांत वर तो. नत्थूजींनी स्वतः पेटवला. निळा कागद पटकन गेला. कापडाला वेळ लागला.

गोपिका रुपरावजींच्या खांद्यावरून उतरली आणि नत्थूजींजवळ गेली.

"काहून जाळलं, काका?"

"पीडा होती बाई," नत्थूजी प्रेमाने म्हणाले. "तुह्या आबांनीच सांगतलं."

ती वळली. रागाने नव्हे, मी जसा विद्यार्थ्याकडे दाखला मागताना वळतो तशी.

"त्यानं काय केलं होतं, आबा?"

मला उत्तर ठाऊक होते. त्या सबंध मैदानात ते एकट्या मलाच ठाऊक होते, कारण सगळी रिळे क्रमाने मीच पाहिली होती. त्याने एका बाईच्या डोळ्यातला कोळशाचा कण काढला होता. बाकी काही नाही.

"घरी चला," मी म्हणालो.

तान्हा पोळा संध्याकाळी निघतो. मी माझ्या खोलीत बसलो होतो. गोपिका आली आणि तिने प्राचार्यांची झूल, गाठ सोडून, नीट घडी करून, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"हे चालते का, आबा, लहान पोरींले? तुम्ही पाहून सांगा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याचे खंडन केले असते. तिला खरोखरच माझा निर्णय हवा होता; या घरात गोष्टी अशाच ठरतात, असे तिने समजून घेतले होते.

ती गेल्यावर मी दार लावले. मग कपाटावरून माझी जुनी चामड्याची बॅग काढली, पदव्युत्तर परीक्षेत पहिला आलो तेव्हा वडिलांनी दिलेली, आणि तिच्या पट्ट्यांवरची दोन पितळी बकले कापून काढली. सुई ओवायला मला फार वेळ लागला. बोटाला दोनदा टोचले. पहिले बकल उलटे बसले, ते उसवून पुन्हा लावले. मधेच बाहेर ढोलकी ऐकू आली, मुलांचा गलबला आला, "बैल बाजूले घे गा!" असे कुणी ओरडले, आणि सगळा आवाज आमच्या दारावरून हळूहळू पुढे गेला. मी मान वर केली नाही. काम नीट व्हायला हवे होते.

झाल्यावर झूल घेऊन मी ओट्यावर गेलो. गोपिका पायरीवर बसली होती, उघडा बैल शेजारी ठेवून. गल्ली रिकामी होती. पताकांचे तुकडे तेवढे पडले होते.

मी खाली बसलो, तिच्याच पायरीवर. "ही खांद्यांना असते," मी म्हणालो. "दोन बकले. हे एक इकडे, हे एक इकडे. गळ्याला गाठ नसते." आणि मी ती प्राचार्यांना बांधून दाखवली. अगदी तशीच दिसत होती.

तिने बकलांवरून बोट फिरवले. उघडून पाहिले, लावून पाहिले.

"तुमचं तं लक्ष नव्हतं नं?"

मी झुलीची एक सुरकुती सरळ केली.

तिने बैल मांडीवर घेतला. मग, मला वाईट वाटू नये अशा बेताने, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

"छान आहे, आबा. पण पोळा तं होऊन गेला."